एकट्या पेशंटसाठी लसीची व्हायल (कुपी) फोडत नाही म्हणाले

पडवी
गुरुवार, रात्री 9:50

काल संध्याकाळी गोठ्यात मांजरीचं पिल्लू पेंढ्याच्या भाऱ्यांमध्ये अडकून ओरडत होतं. त्याला काढायला हात घातला, तेवढ्यात मागून गावभर फिरणारा एक बोका आला आणि मनगटाच्या वर तीन ओरखडे काढून पळाला. रक्त नाही आलं. लाल रेघा उठल्या, मधल्या रेघेची कातडी तेवढी सोलली. सासूबाई म्हणाल्या, हळद लाव. मी नळाखाली हात धरून साबणाने धुतला आणि ठरवलं की सकाळी रेबीजची लस घेऊन यायचं. आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र घरापासून चार किलोमीटरवर. तासाभराचं काम, दहाला पतपेढीत हजर होऊ, असा हिशोब केला.

साडेआठला पोचले. केसपेपर लगेच मिळाला. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेले होते, ते दहाच्या पुढे येणार होते, पण हे कोणी सांगितलं नाही. बाकावर सोळा जण होतो. एक आजोबा बीपीच्या गोळ्यांसाठी तिसऱ्यांदा आले होते. दोनदा औषध खिडकीवरून "सोमवारी बघा" ऐकून परत गेलेले.

दहा-वीसला डॉक्टर आले. हात बघितला, केसपेपरवर लिहून दिलं, इंजेक्शन रूमला पाठवलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "लस आहे, पण तुम्ही एकट्याच आहात. एका पेशंटसाठी व्हायल फोडत नाही. परवा या, तोवर दोन-तीन जण होतील." मी विचारलं, परवा नक्की होतील का? त्या म्हणाल्या, "ते मी कसं सांगू?"

मी तिथेच उभी असताना एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. चिऱ्याच्या खाणीवरची, विजापूरकडची असावी. मराठी मोडकं बोलत होती. मुलाच्या पोटरीला कुत्रा चावला होता, सकाळीच. जखमेवर चुना थापलेला, त्यातून रक्त झिरपत होतं. मला वाटलं, चला, दोघं झालो, आता फोडतील. तर डॉक्टर म्हणाले, ही जखम खोल आहे, हिला सिरमही (जखमेत भरायचं, लगेच संरक्षण देणारं औषध) लागेल, ते इथे नसतं, सिव्हिलला न्या. चिठ्ठी लिहून हातात दिली. जखम धुतली नाही, लस टोचली नाही. सिव्हिल इथून सत्तर किलोमीटर. ती बाई दारात थांबून मला विचारत होती, "अक्का, सिव्हिल कुठं? बस किती घेतील?" मी सांगितलं. तिने चिठ्ठीची बारीक घडी केली, कनवटीला लावली आणि मुलाला घेऊन रस्त्याला लागली. एसटीच्या थांब्याच्या उलट दिशेने.

मी मग एसटी धरून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेले. पोचेपर्यंत पाऊण वाजला. ओपीडी बंद. कॅज्युअल्टीत एका ब्रदरने सांगितलं, कुत्र्या-मांजराची लस सकाळीच असते, उद्या या. मी काही न बोलता बाकावर बसून राहिले. भांडायची ताकदच नव्हती. तासाभराने एक वयस्कर सिस्टर जाता जाता थांबल्या. कशाला बसलात विचारलं. ऐकून म्हणाल्या, "अहो, सकाळी नऊला फोडलेली व्हायल आहे फ्रिजमध्ये. अजून दोघांना पुरेल, नाहीतर थोड्या वेळाने टाकूनच द्यायची ती." दोन्ही दंडांवर बारीक सुईने कातडीत टोचलं. मसुराच्या डाळीएवढे दोन फुगवटे आले. दोन मिनिटांचं काम. घरी आले तेव्हा साडेचार वाजले होते.

एका ठिकाणी लस आहे पण फोडत नाहीत, दुसऱ्या ठिकाणी फोडलेली टाकून देणार होते. मधे एक फोन झाला असता तर माझा दिवस वाचला असता. माझी आजची रजा गेली, ते जाऊ दे. ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही. तुमच्याकडेही असंच चालतं का?


आंबेमोहोर
गुरुवार, रात्री 10:25

अगदी असंच. माझ्या भावाला गेल्या वर्षी कुत्रं चावलं तेव्हा आम्ही तीन ठिकाणी हिंडलो आणि शेवटी खासगीत घेतली. एकेका डोसला 370 रुपये आणि टोचायचे वेगळे. स्नायूत घ्यायची असल्याने पाच डोस. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी काय करायचं?

केसपेपरचे पैसे घेतले का गं?


पडवी
गुरुवार, रात्री 10:31

नाही. दोन्हीकडे फुकट. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफत केलंय, ते पाळतात. पैशाची तक्रार नाहीच माझी.


कोरा_कागद
गुरुवार, रात्री 11:08

राग मानू नका, पण रक्तसुद्धा न आलेल्या मांजराच्या ओरखड्यासाठी एवढं धावायची गरज होती का? आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांजरं आहेत, रोज कोणाला तरी ओरबाडतात. सरकारी दवाखान्यात आधीच माणसं कमी. बारीकसारीक गोष्टींसाठी सगळे गेले तर खऱ्या आजाऱ्याकडे कोण बघणार? सिस्टरने नियम सांगितला असेल, तिच्या हातात काय आहे?


मुलुंडची_सई
शुक्रवार, सकाळी 7:15

पडवी, वाचून वाईट वाटलं. मुंबईत नोव्हेंबर 2022 पासून 'आपला दवाखाना' सुरू झाले, ते सकाळी 7 ते 2 आणि दुपारी 3 ते रात्री 10 असे उघडे असतात. मुलीचा घसा दुखला की मी ऑफिसातून आल्यावर आठ वाजता घेऊन जाते. वेळ सोयीची असली की माणूस जातो, नाहीतर दुखणं अंगावर काढतो. खेड्यात सकाळची ओपीडी म्हणजे मजुरीवरच्या बाईचा अख्खा दिवस बुडाला.


सिस्टर_माई
शुक्रवार, दुपारी 1:40

मी सव्वीस वर्षं ग्रामीण भागात स्टाफ नर्स होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आधी कोरा_कागद यांना सांगते. मांजर सतत पंजे चाटतं, त्यामुळे नखांना लाळ असते. ओरखड्यातून रक्त आलं नाही तरी कातडी सोलली असेल तर लस घ्यायचीच, ही दुसरी कॅटेगरी. नुसतं चाटलं, कातडी धड आहे, तर पहिली, तिला लस लागत नाही. रक्त आलं, दात खोल गेले, की तिसरी, तिला लसही आणि सिरमही. तुमच्या घरच्या मांजरांना लस टोचलेली असेल आणि ती डोळ्यांसमोर असतील तर गोष्ट वेगळी. गावभर हिंडणाऱ्या बोक्याचं कोण सांगणार? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस हाती लागत नाही. मी अशी दोन माणसं बघितली आहेत. एकाला पाण्याचा तांब्या पुढे केला की घशात आचके यायचे. त्यालाही ओरखडाच होता, आणि त्याच्या बायकोलाही कोणीतरी "एवढ्याशाला काय जायचं" म्हणालं होतं.

आता व्हायलचं. कातडीत द्यायची लस एका वेळी एका दंडाला 0.1 मिली, दोन्ही दंडांना मिळून 0.2 मिली. व्हायल 1 मिलीची असेल तर पाच जणांना पुरते, अर्ध्या मिलीची असेल तर दोघांना. पाण्यात विरघळवली की 2 ते 8 अंशात ठेवून सहा ते आठ तासांत संपवायची, उरली तर टाकायची. म्हणून सिस्टर पेशंट जमवत बसतात. वाया गेलेले डोस रजिस्टरला दाखवावे लागतात आणि वरून विचारणा होते. मीही सुरुवातीला तसंच करायचे, लपवत नाही. नंतर आमचे एमओ (वैद्यकीय अधिकारी) साहेब म्हणाले, माई, व्हायल वाया गेली तर मी सही करतो, माणूस परत पाठवायचा नाही. तेव्हापासून एकट्यासाठीही फोडली.

पडवी, त्या मुलाचं काय झालं ते कळलं का? जखमेतून रक्त येत होतं म्हणजे तिसरी कॅटेगरी. ते सिव्हिलला गेले नसतील तर अजूनही नेता येईल. उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं. सिरम नसलं तरी लस कुठेही सुरू करता येते, पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येतं. तुमच्या केंद्राने लस टोचून मग पाठवायला हवं होतं. आणि चुना! चुना, मिरची, हळद काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. शोधता येतंय का बघा.


पडवी
शुक्रवार, दुपारी 2:05

माई, हे वाचून हात थरथरायला लागले. ते एसटीकडे गेले नाहीत हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. आमच्या आशाताईंना फोन लावते.


रानवाटा
शुक्रवार, सायंकाळी 6:20

मी एका आदिवासी तालुक्यात वैद्यकीय अधिकारी आहे. झालं ते चूक झालं हे आधी म्हणतो, मग दुसरी बाजू सांगतो.

नियमाने सपाट भागात 30,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. माझ्याकडे याहून बरीच जास्त माणसं आहेत आणि दुसऱ्या डॉक्टरांची जागा दीड वर्ष रिकामी आहे. सकाळी ओपीडीच्या वेळेला तालुक्यात मीटिंग लागते, त्या मीटिंगला गेलो नाही तर नोटीस, गेलो तर बाकावर सोळा माणसं. पण मी नाही हे दारावर लिहून ठेवायला एक खडू लागतो, आणि ते करत नाही तो दोष आमचाच. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईने मला तोंडावर सुनावलं, "साहेब, तुम्ही नाही हे कळलं असतं तर मी नाचणी उपटून आले असते." त्या दिवसापासून बोर्ड लिहून मगच गाडीत बसतो.

लसीबद्दल माईंचं बरोबर आहे. आम्ही आणखी एक करतो. शेजारच्या तीन केंद्रांच्या सिस्टरांचा एक ग्रुप केलाय. सकाळी ज्याने व्हायल फोडली त्याने ग्रुपवर टाकायचं. जवळचा पेशंट असेल तर त्याला तिकडे पाठवतो, लांबचा असेल तर आपली फोडतो. दोन्ही मार्गांनी पेशंटला त्याच दिवशी लस मिळते.

तक्रार तोंडी करू नका. केंद्राच्या नावे साधा अर्ज लिहा, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ठेवा म्हणून सांगा, पोच घ्या. 104 या क्रमांकावरही नोंदवता येते. लेखी आलं की मलासुद्धा वर दाखवायला कागद मिळतो.


निवृत्त_मास्तर
शुक्रवार, रात्री 8:45

मी नववीत असताना कुत्रं चावलं होतं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं असत. रोज एक. वडील मला सायकलवर मागे बसवून अकरा मैल नेत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. कसौलीला 1911 साली सेंपल नावाच्या डॉक्टरांनी काढलेली, आणि आपल्याकडे 2004 पर्यंत ती चालू होती. अजून आमच्या वाडीत लोक चौदा इंजेक्शनांच्या भीतीने दवाखान्यात जात नाहीत. मी दरवर्षी शाळेत जाऊन मुलांना सांगतो की आता चारच फेऱ्या, दंडावर, मुंगी चावल्याएवढं दुखतं. ज्यांना हे समजावून मी दवाखान्यात पाठवतो त्यांना तिथून "परवा या" म्हणून परत लावलं तर माझ्या सांगण्याला काय किंमत उरली? पुढच्या वेळी ती माणसं भगताकडेच जाणार.

मुलाची बातमी आली की कळवा, वाट बघतो आहे.


पडवी
शनिवार, रात्री 9:10

मुलगा सापडला. सगळं सांगते.

आशाताई काल संध्याकाळीच त्यांच्या यजमानांच्या गाडीवर खाणीवर गेल्या. तीन खाणी फिरल्या, तिसरीवर भेटले. पत्र्याच्या खोपीत मुलगा झोपला होता. चुन्यावर आता तंबाखूही दाबलेला. सिव्हिलची चिठ्ठी तशीच घडी घातलेली, पत्र्याच्या फटीत खोचून ठेवलेली. बाईने सांगितलं, दोघांचं येण्याजाण्याचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी, म्हणून रविवारच्या बाजारानंतर बघू असं ठरलं होतं. जखम सुकत आली की बरं होईल असंही वाटलं होतं. कुत्रा चावल्यावर नेमकी भीती कशाची असते हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर तर इंग्रजीत दोन ओळी.

आशाताईंनी तिथेच हंड्यातलं पाणी तांब्याने ओतत ओतत साबणाने जखम धुतली. मुलगा किंचाळत होता, आईने त्याचं तोंड छातीशी धरलं होतं. पंधरा मिनिटं, माईंनी सांगितल्याप्रमाणे. मी फोनवर वेळ मोजत होते.

आज सकाळी मुकादमाने टेम्पो दिला. मीही गेले, कारण केसपेपरच्या खिडकीवर नाव-गाव सांगायलाच त्यांची अडचण होणार होती. मोबाईलवर ओटीपी मागितला, त्या बाईकडे फोनच नाही. खिडकीवरच्या मुलाने मग हाताने लिहून दिलं, त्याचे आभार. सिव्हिलमध्ये चांगलं वागवलं हेही लिहिलं पाहिजे. दोन्ही दंडांना लस दिली, मुलाचं वजन करून सिरम काढलं आणि जखमेच्या कडेकडेने सुई फिरवत भरलं. ते बघवत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी आईला कानडीत दोन वाक्यं सांगितली, त्यांची पहिली नोकरी सोलापूरकडची होती म्हणे. तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला.

पुढचे डोस मंगळवारी, पुढच्या शनिवारी आणि मग अठ्ठाविसाव्या दिवशी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळतील असं कार्डावर लिहून दिलंय.

माझा दुसरा डोस उद्या रविवारी आहे. माई, रविवारी देतात का?


सिस्टर_माई
शनिवार, रात्री 9:32

डोळे भरून आले. आशाताईंना माझा नमस्कार सांगा.

रविवारी कॅज्युअल्टीत द्यायलाच हवी. तिसरा दिवस रविवारी आला म्हणून सोमवारवर ढकलू देऊ नका, शांतपणे कार्ड पुढे करा. चुकून एखादा डोस एक-दोन दिवस लांबलाच तर घाबरू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले पुढे चालू ठेवायचे. त्या मुलाच्या आईलाही हे सांगून ठेवा. नाहीतर एक दिवस चुकला की सगळं फुकट गेलं समजून माणसं येणं सोडतात.


कोरा_कागद
रविवार, सकाळी 8:00

मी लिहिलं होतं की बारीक गोष्टींसाठी कशाला जायचं. ते शब्द मागे घेतो. मुलाचे राहिलेले डोस आणि एसटीचं भाडं यासाठी काही पाठवायचं असेल तर सांगा.


रानवाटा
रविवार, दुपारी 12:15

पडवी, अर्ज लिहिताना एक गोष्ट ठळक लिहा. तिसऱ्या कॅटेगरीचा पेशंट पुढे पाठवताना जखम धुऊन आणि लसीचा पहिला डोस देऊनच पाठवावा. तो सिव्हिलला पोचला नाही तरी निदान सुरुवात झालेली असते. "फोडत नाही" हे एकट्या सिस्टरचं नाव घेऊन लिहू नका. तिच्यावर ढकललं की वरचे मोकळे होतात.


पडवी
सुमारे चार आठवड्यांनी, मंगळवार, रात्री 10:05

बरेच जण विचारत होते म्हणून धागा वर आणते.

माझे तीन डोस झाले, चौथा परवा. रविवारचा मिळाला, वीस मिनिटं थांबावं लागलं एवढंच. बोका परत दिसला नाही, पिल्लू मात्र घरात राहिलंय, पेंढ्याजवळ जात नाही.

अर्ज दिला. रानवाटांनी सांगितलं तसाच, कोणाचं नाव न घेता. वाडीतल्या चौतीस जणांनी सह्या केल्या, बीपीच्या गोळ्यांवाल्या आजोबांनी अंगठा दिला. डॉक्टरांनी मला बसवून घेतलं. म्हणाले, सिस्टरला मीच सांगून ठेवलं होतं फोडू नकोस म्हणून, गेल्या मार्चअखेर दोनच व्हायली उरल्या होत्या तेव्हापासून. आता इंजेक्शन रूमच्या दारावर हाताने लिहिलेला कागद लागलाय. कुत्रा-मांजर चावल्यास लस रोज मिळेल, रविवारी तालुक्याला, आणि खाली जखम धुण्याबद्दल तीन ओळी. खाणीवरच्या एका माणसाकडून तेच कानडीत लिहून घेतलं, तो कागद शेजारी चिकटवला. गेल्या आठवड्यात एक शेतकरी एकटाच आला होता, त्याच्यासाठी व्हायल फोडली हे आशाताईंनी सांगितलं. गोळ्यांची खिडकी अजून तशीच आहे, त्याचा दुसरा अर्ज लिहायला घेतलाय.

मुलाचे मंगळवारचा आणि शनिवारचा असे दोन्ही डोस झाले. शेवटचा या शनिवारी. त्याची आई म्हणत होती, शिमग्यानंतर मुकादम दुसऱ्या खाणीवर हलवणार आहे, तीस किलोमीटर पलीकडे. मी सांगितलं, हलायचं ते शनिवारनंतर हला. कोरा_कागद यांनी पाठवलेले भाड्याचे पैसे तिच्याकडे दिले आहेत. ग्रामीण रुग्णालयाची गाडी सकाळी 8:10 ला आमच्या फाट्यावरून सुटते. मी रजा टाकली आहे, बसच्या थांब्यावर भेटायचं ठरलंय.